टोकनचा घोडा, त्याची मोटार आणि सॉलिड स्टेट रिले

माझा मूळ धंदा मोटारी भरण्याचा आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यातल्या विहिरींवरच्या आणि बोअरवेलच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. त्यामुळे टोकन टाकले की तीन मिनिटे झुलणारा लहान मुलांचा घोडा दुरुस्तीला येईल असे मला कधी वाटले नव्हते. यात्रांमध्ये पाळणे आणि खेळाची यंत्रे लावणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. फाल्गुनात ते एक घोडा टेम्पोत घालून दुकानात घेऊन आले आणि म्हणाले, “भाऊ, याचा रिले दर महिन्याला चिकटतो. बदलून बदलून कंटाळलो, आता काही तरी कायमचे करा.” रिले म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच.

फायबरच्या घोड्याच्या पोटात अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार, तिला जोडलेला वर्म गिअरबॉक्स आणि त्यावर घोड्याला मागेपुढे झुलवणारा क्रँक, एवढाच ऐवज होता. मानेजवळच्या पेटीत टोकन ओळखणारे यंत्र आणि टायमरचा बोर्ड बसवलेला होता. हे ओळखणारे यंत्र म्हणजे नमुन्याच्या टोकनशी आत पडणाऱ्या टोकनची तुलना करणारी दोन वेटोळी. जुळले तर ते बोर्डाकडे एक छोटे स्पंदन पाठवते, न जुळले तर टोकन खालच्या खाचेतून परत येते. नाण्यांऐवजी टोकन का, असे विचारल्यावर आप्पांनी सांगितलेले कारण पटण्यासारखे होते. दहाच्या नाण्याचे इतके नमुने चलनात आहेत, की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये चौदाच्या चौदा नमुने वैध असल्याचा खुलासा करावा लागला होता. एकच नमुना पोटात धरून बसलेल्या यंत्राला मात्र असा खुलासा कोण देणार?

जुना रिले बोर्डावर सोल्डर केलेला, साखरेच्या खड्यासारखा चौकोनी आणि १० अँपिअरचा होता. ब्लेडने त्याचे झाकण कापले तेव्हा आतले दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना वितळून चिकटलेले दिसले, आणि पेचकसाने उचकटल्यावर एकावर खळगा आणि दुसऱ्यावर तेवढाच उंचवटा निघाला. क्लॅम्प मीटर लावून पाहिले, तर मोटार चालताना जेमतेम चार अँपिअर घेत होती. सुरू होतानाच्या क्षणी मात्र आकडा विशीच्या वर जात होता, कारण इंडक्शन मोटार सुरुवातीला चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट ओढते. असे रिले साधारण एक लाख वेळा उघडझाप करतील असे बनवणारे सांगतात, पण तो हिशेब हीटर किंवा बल्बसारख्या साध्या भाराचा असतो. यात्रेच्या एका संध्याकाळी घोडा ऐंशी ते शंभर वेळा सुरू होतो आणि तितक्याच वेळा बंद होतो. बंद होताना मोटारीच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा कॉन्टॅक्टच्या फटीत ठिणगी पाडते, सुरू होताना कॉन्टॅक्ट उसळतात आणि त्याच क्षणी वीस अँपिअर त्यांच्यातून जातात. अशा रिलेने महिनाभर काम केले हीच त्याची चिकाटी म्हणायची.

त्या ठिणगीची आणखी एक खोड होती. घोडा थांबला, की कधी कधी टोकन न टाकताच पुन्हा सुरू होत असे. टोकन यंत्रापासून बोर्डापर्यंतची तार मोटारीच्या तारेला खेटूनच नेलेली होती. ठिणगीचा विद्युत गोंगाट त्या तारेत शिरला, की बोर्ड त्याला टोकनचे स्पंदन समजत असे. आप्पांना ही भुताटकी ठाऊक होती, पण पोरे खूश होतात म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता.

सॉलिड स्टेट रिलेबद्दल, म्हणजे एसएसआरबद्दल, मी तोवर ऐकून होतो, आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओव्हनवर तो बसवलेला पाहिलाही होता. त्यात हलणारा भागच नसतो. आत येणाऱ्या बाजूला एक एलईडी असतो आणि त्याला ३ ते ३२ व्होल्ट डीसी दिले की तो पेटतो. त्याचा प्रकाश समोरच्या प्रकाशसंवेदी घटकावर पडतो आणि त्या इशाऱ्यावर बाहेरच्या बाजूचा ट्रायॅक, किंवा उलटसुलट जोडलेल्या दोन एससीआरची जोडी, वाहू लागते. हे दोन्ही सिलिकॉनचे स्विचच. बोर्डाचे १२ व्होल्ट आणि मोटारीचे २३० व्होल्ट यांच्यात तारेचा संबंधच उरत नाही, मध्ये असतो तो फक्त उजेड. बहुतेक एसएसआरमध्ये शून्य ओळखणारे सर्किटही असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा दाब सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो. एसएसआर त्या क्षणाची वाट पाहून सुरू होतो, म्हणजे उशीर झालाच तर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा. बंद होताना तो प्रवाह आपणहून शून्यावर येईपर्यंत थांबतो. त्यामुळे ठिणगीला जागाच राहत नाही.

बाजारातून २५ अँपिअरचा एक एसएसआर आणला. चार अँपिअरच्या मोटारीला २५ म्हणजे सहा पट, मग आणखी काय हवे, असा माझा विचार होता. जुना रिले काढला, त्याच्या वेटोळ्याला जाणारे १२ व्होल्ट एसएसआरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या टोकांना दिले, एक आणि दोन क्रमांकाची टोके मोटारीच्या फेजमध्ये घातली आणि एका स्क्रूने तो घोड्याच्या पोटात फायबरलाच आवळून टाकला. दुकानात पन्नास वेळा टोकन टाकून पाहिले. ना टकटक, ना ठिणगी, आणि भुताटकीही गेली. आप्पा खूश होऊन उरलेल्या दोन यंत्रांचेही काम देऊन गेले, आणि मीही पैसे घेताना जरा ताठच बसलो होतो.

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. आखाजीनंतरचे, अक्षय्य तृतीयेनंतरचे, ते दिवस म्हणजे खानदेशातला सगळ्यात कडक उन्हाळा. पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि पात्रातली वाळू संध्याकाळी सातलाही पायाला चटका देते. यात्रेच्या तिसऱ्या रात्री नऊच्या सुमारास आप्पांच्या हाताखालच्या पोराचा फोन आला. “भाऊ, घोडा थांबस नही!” मागून एका लहान मुलाचे रडणे स्पष्ट ऐकू येत होते. वायर उपटायला सांगितली आणि गाडी काढली. मी पोहोचलो तेव्हा मूल आईच्या कडेवर जिलेबी खात होते, पण त्या बाईंची माझ्याकडे बघण्याची नजर मी विसरलेलो नाही.

घोड्याचे पोट उघडताच जळक्या प्लास्टिकचा वास आला. मल्टिमीटरने एसएसआरची बाहेरची टोके तपासली, तर दोन्ही बाजूंनी शून्य ओहम. आत येणाऱ्या बाजूची तार काढून टाकली तरी शून्यच. म्हणजे बोर्डाने बंद होण्याचा हुकूम वेळेवर दिला होता, पण तो ऐकायला पलीकडे कोणी उरलेच नव्हते. साधा रिले बिघडतो तेव्हा तो चिकटेलही किंवा उघडाही राहील. एसएसआर मात्र बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो, म्हणजे चालू स्थितीत. हीटरच्या बाबतीत यामुळे माल करपतो. इथे हलत्या यंत्रावर मूल बसलेले असते.

तो का मेला याचा हिशेब मी त्या रात्री पात्रातच, आप्पांच्या टोकनच्या खिडकीवर कागद ठेवून केला. एसएसआरमधून प्रवाह जाताना त्याच्यावर सव्वा व्होल्टच्या आसपास दाब पडतो, म्हणजे चार अँपिअरला जवळपास पाच वॅट उष्णता. हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, नसलेल्या अशा तुकड्याचे तापमान दर वॅटमागे आठ-दहा अंशांनी वाढते, म्हणजे पन्नासेक अंशांची वाढ. दुपारभर उन्हात तापलेल्या, हवा न खेळणाऱ्या फायबरच्या पोटात त्या संध्याकाळीही थर्मोमीटरने ५८ अंश दाखवले होते. दोन्हींची बेरीज शंभराच्या पुढे जाते, आणि आतल्या सिलिकॉनची मर्यादा साधारण १२५ अंशांची असते. त्यावर लिहिलेले २५ अँपिअर चांगल्या हीट सिंकवर, बेताच्या हवेत खरे असतात. उघड्यावर तो चार-पाच अँपिअरचाच धनी, आणि वैशाखात तेवढाही नाही.

तरीही शंभर अंशांवर त्याने दोन दिवस काढले होते. शेवटचा घाव कशाचा, हे त्या पोराला विचारल्यावर कळले. लहान मुलाच्या आधीच्या फेरीत दोन दणकट तरुण एकाच घोड्यावर बसून चेष्टा करीत होते, आणि घोडा हलायला तयार नव्हता. जनरेटरचा दाब मी स्वतः मोजला तो १८५ व्होल्ट निघाला. अडकलेली मोटार सुरुवातीचा प्रवाह सोडतच नाही, ती तो ओढतच राहते. अठरा-वीस अँपिअर आणि त्यावर दीड व्होल्ट म्हणजे जवळपास तीस वॅट, तेही आधीच शंभर अंशांवर असलेल्या तुकड्यात. अर्धा मिनिटही लागले नसेल. मेलेला एसएसआर मी नंतर फोडून पाहिला, तेव्हा आतला ट्रायॅक वरच्या आकड्याच्या मानाने फारच किरकोळ दिसला. म्हणजे स्वस्तात आणलेल्या मालाचाही त्यात वाटा होता. पण फायबरला आवळण्याचा गाढवपणा माझाच.

दुसऱ्या दिवशी दोन एससीआर असलेला ४० अँपिअरचा एसएसआर आणला. मोटारीसारख्या भारात प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. प्रवाह शून्य होऊन ट्रायॅक बंद होतो त्या क्षणी त्याच्या टोकांवर दाब एकदम उसळतो, आणि त्या धक्क्याने तो हुकूम नसताना पुन्हा वाहू लागू शकतो. दोन एससीआरची जोडी हा धक्का पुष्कळ चांगला सोसते. शिवाय १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी, आणि जनरेटरच्या उसळ्यांसाठी एक व्हॅरिस्टर, मी एसएसआरच्या टोकांवर लावला. थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन तो ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या हीट सिंकवर आवळला. हीट सिंक पोटात न ठेवता घोड्याच्या लोखंडी बैठकीला, सावलीच्या बाजूने, पाती उभी राहतील असा बसवला, कारण पाती आडवी ठेवली की गरम हवा वर न चढता त्यांच्यातच कोंडून राहते. त्यावर जाळीचे झाकण लावले, आणि मोटार अडकली तर तोडणारा ओव्हरलोडही घातला.

जोडणी तपासताना मला झटका बसला. बोर्ड बंद होता, एसएसआरवरचा लाल दिवा विझलेला होता, म्हणून मी मोटारीची तार निवांत सोडवली आणि तिच्या पलीकडच्या टोकाला बोट लागले. झटका मोठा नव्हता, पण पेचकस हातातून उडाला. बंद एसएसआर म्हणजे उघडे बटण नव्हे. त्याच्या आतल्या घटकांतून आणि मी स्वतःच लावलेल्या कपॅसिटरमधून काही मिलिअँपिअर प्रवाह कायम झिरपत असतो. भार जोडलेला असेपर्यंत तो कळत नाही. भार सोडवला, की त्या टोकावर टेस्टर लखलखीत पेटतो आणि मल्टिमीटर पूर्ण २३० दाखवतो. एसएसआर चांगला आहे की मेलेला हे नुसत्या मीटरने पाहू नये, १०० वॅटचा बल्ब भार म्हणून लावून पाहावे, आणि हात घालण्याआधी वायर उपटावी, हे मी त्या दिवसापासून दुकानातल्या पोरांना सांगत आलो आहे.

आता प्रश्न उरला तो मुलाचा. एसएसआर केव्हा तरी पुन्हा मरेल, आणि मरेल तेव्हा चालू स्थितीतच, हे गृहीत धरून मी रचना केली. एसएसआरच्या आधी एक साधा कॉन्टॅक्टर घातला, जसा आपण शेतातल्या स्टार्टरमध्ये पाहतो तसा. बोर्डावर पूर्वीच्याच जातीचा १० अँपिअरचा रिले परत सोल्डर केला, पण त्याच्याकडे आता फक्त कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्याला वीज देण्याचे हलके काम ठेवले. त्याच १२ व्होल्टने एक सेकंद उशिरा सुरू होणाऱ्या छोट्या टायमरमधून एसएसआर चालतो. टोकन पडले की आधी ‘टक’ असा आवाज करून कॉन्टॅक्टर बसतो. तेव्हा त्यातून मोटारीचा प्रवाह जात नसतो, म्हणून ठिणगी नाही. मग एका सेकंदाने एसएसआर मोटारीला वीज देतो. वेळ संपली की दोघांचाही हुकूम एकदम जातो, पण एसएसआर फार तर सेकंदाच्या शंभराव्या भागात बंद होतो आणि कॉन्टॅक्टर हलायला त्याहून थोडा जास्त वेळ घेतो, त्यामुळे उघडतानाही त्याला ठिणगी सोसावी लागत नाही. एसएसआर शॉर्ट झालाच, तर मोटार तोडण्याचे काम कॉन्टॅक्टर करतो आणि घोडा तीन मिनिटांनी थांबतो. कॉन्टॅक्टरच्याच वेटोळ्याच्या तारेत घोड्याच्या मानेवरचे लाल छत्रीबटणही घेतले, म्हणजे ते दाबले की मध्ये कोणतेही सिलिकॉन उरत नाही.

या एका सेकंदाचा मला नंतर सुचलेला उपयोग असा, की बिघाड कानाने ओळखता येतो. टक झाल्यावर घोडा एक सेकंद थांबून हलला तर सर्व ठीक. टक होताक्षणीच हलला तर एसएसआर शॉर्ट झालेला आहे आणि आता केवळ कॉन्टॅक्टरच्या जिवावर काम चालले आहे. हे मी आप्पांच्या पोराला तीनदा ऐकवून दाखवले. टक, एक, मग घोडा.

आप्पांचे दुसरे यंत्र म्हणजे मोटारगाडी, तिला हेच सगळे जसेच्या तसे लागू पडले. तिसरे मात्र वेगळे होते. खिडकीवर पैसे दिले की पोरगा बटण दाबतो आणि एक पेटी पाच टोकन मोजून बाहेर टाकते. पेटीच्या तळाशी भोके असलेली चकती २४ व्होल्ट डीसी मोटारीवर फिरते, बाहेर पडणारे प्रत्येक टोकन प्रकाशाच्या एका डोळ्यासमोरून जाते, आणि पाच मोजले की बोर्ड मोटार थांबवतो. घोड्याच्या यशाने मी इतका भारावलो होतो, की उरलेला एसीचा एक एसएसआर मी इथेही लावला. कधी मोटार सुरूच होईना, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. पाच टोकनांच्या जागी पेटीतली सगळी टोकने खळखळ करीत दुकानभर पसरली. कारण उघड होते. एससीआर एकदा वाहू लागला की प्रवाह शून्यावर आल्याशिवाय थांबत नाही, आणि डीसीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. सुरू होण्यासाठी शून्य दाबाची वाट पाहणारे सर्किटही तिथे वाटच पाहत बसते.

मग डीसीचा एसएसआर आणला. त्यात मॉस्फेट हा डीसी तोडू शकणारा सिलिकॉनचा स्विच असतो, अधिक-उणे टोके सांभाळावी लागतात, आणि मोटारीवर उलटा डायोड लावावा लागतो, नाही तर वेटोळ्याची उसळी मॉस्फेटला मारते. हे सर्व केले आणि मोटार थांबू लागली, पण पाचऐवजी अधूनमधून सहा टोकने येत. यावर माझे दोन दिवस गेले. शेवटी जुन्या बोर्डाची जोडणी नीट पाहिली तेव्हा उलगडा झाला. जुन्या रिलेला बदलता कॉन्टॅक्ट होता. तो सुटला, की मोटारीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जात, आणि स्वतःच्याच फिरण्याने निर्माण झालेल्या प्रवाहाने मोटारीला ब्रेक लागत असे. एसएसआर वीज फक्त तोडतो. मोटार आपल्या वेगात थोडी पुढे सरकते आणि सहावे टोकन ढकलते. दीड अँपिअरच्या त्या छोट्या मोटारीला ठिणगीचा त्रासही फारसा नव्हता. मी निमूटपणे जुन्याच जातीचा साधा रिले परत सोल्डर केला, आणि आप्पांकडून डीसी एसएसआरचे पैसे घेतले नाहीत.

पावसाळ्यात यंत्रे ताडपत्रीखाली राहिली. मार्गशीर्षात दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. खरे घोडे पाहायला मीही गेलो होतो, पण आधी आप्पांच्या घोड्याच्या हीट सिंकवर थर्मोमीटर टेकवला. गर्दीची वेळ, सलग दहा-बारा फेऱ्या झालेल्या, तरी ३९ अंश. थंडीचे दिवस, म्हणून या आकड्यावर मी फार विसंबलो नाही. पुढच्या आखाजीला पात्रात जाऊन पुन्हा मोजले तेव्हा ६७ आले, आणि तेवढे चालण्यासारखे होते.

त्यानंतरच्या चैत्रात धुळ्याला एकवीरा देवीच्या यात्रेत यंत्रे लागली असताना त्याच पोराचा फोन आला. या वेळी मागे रडणे ऐकू येत नव्हते. तो म्हणाला, “भाऊ, टक होताच घोडा हालस.” घोडा थांबतो का, असे विचारले, वेळेवर थांबतो म्हणाला. फेरी कोणालाही देऊ नकोस, वायर उपटून ठेव, असे सांगून मी नवा एसएसआर आणि थर्मल पेस्टची ट्यूब पिशवीत टाकली आणि धुळ्याची बस धरली.